दोन शॉटांच्या मधली जागा : चित्रपटाचे संकलन कसे घडत गेले आणि ते कसे शिकावे

‘शोले’मध्ये रहीमचाचांचा तरुण मुलगा अहमद नोकरीसाठी गावाबाहेर पडतो आणि वाटेत गब्बरच्या माणसांच्या हाती सापडतो. त्याची खबर गब्बरपर्यंत पोहोचते तेव्हा गब्बर निवांत पहुडलेला असतो आणि त्याच्या हातावर एक मुंगळा चालत असतो. तो काही क्षण त्या मुंगळ्याकडे पाहतो, मग त्याला चिरडतो, आणि लगेच पडद्यावर येतो तो अहमदचा मृतदेह पाठीवर घेऊन गावाकडे निघालेला घोडा. अहमदला कोणी मारले, कुठे मारले, मरताना तो काय बोलला, यातले काहीही आपल्याला दाखवलेले नाही. तरीही चित्रपटगृहात बसलेल्या कोणालाही शेजाऱ्याला विचारावे लागत नाही की मधे काय घडले. तो खून दोन शॉटांच्या मधल्या जागेत घडलेला असतो आणि तो पूर्ण करतो प्रेक्षक, स्वतःच्या मनात.

१९७५ सालच्या या चित्रपटाचे संकलन एम. एस. शिंदे यांनी केले. आज ज्याचे संवाद लोकांना तोंडपाठ आहेत, त्या चित्रपटाला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला आणि तो शिंदे यांच्या संकलनाला मिळाला, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. संकलकाचे काम असेच असते: ते नीट जमले की दिसत नाही. म्हणूनच ते शिकणाऱ्याला सुरुवातीला अवघड जाते, कारण जे दिसत नाही ते उचलायचे कुठून, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

इंग्रजी चित्रपटसृष्टीत या कामाला पूर्वी सरळ ‘कटिंग’ म्हणत, आणि आपल्याकडेही स्टुडिओत तोच शब्द रुळला. त्यामुळे नको असलेला भाग कापून टाकणे म्हणजे संकलन, अशी समजूत सर्वत्र आढळते. मराठीतला ‘संकलन’ हा शब्द या कामाशी अधिक प्रामाणिक आहे असे मला वाटते, कारण त्याचा अर्थ एकत्र करणे असा आहे. कापणे ही त्या कामातली एक क्रिया झाली. खरे काम आहे ते कोणत्या तुकड्याशेजारी कोणता तुकडा ठेवायचा आणि तो किती वेळ ठेवायचा हे ठरवण्याचे. या कामाची जी तंत्रे आज पाठ्यक्रमात नावांसह शिकवली जातात, त्यातले प्रत्येक तंत्र एकेकाळी कोणाच्या तरी पुढ्यात पडलेल्या खऱ्या अडचणीचे उत्तर होते. ती अडचण समजली की तंत्र लक्षात ठेवावे लागत नाही. म्हणून येथे इतिहास आणि शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या न काढता एकत्रच सांगितल्या आहेत.

आधी तीन शब्द पक्के करून घेऊ. चित्रपट हा स्थिर चित्रांचा बनलेला असतो आणि त्या प्रत्येक चित्राला चौकट किंवा फ्रेम म्हणतात. बोलपट आल्यापासून एका सेकंदाला २४ चौकटी हे प्रमाण ठरून गेले. कॅमेरा सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जे सलग चित्रित होते तो शॉट, आणि दोन शॉट जिथे एकमेकांना भिडतात तो कट. एका ठिकाणी, एका वेळी घडणाऱ्या शॉटांचा समूह म्हणजे सीन. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. हा हिशेब जुन्या संकलकांच्या बोटांत असे. फिल्म हाताने ओढून ते किती सेकंदांचा तुकडा आहे हे सांगू शकत.

एका शॉटपासून पुढे

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ कॅफेत ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून चित्रपट दाखवले, आणि पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, ते मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. यातला प्रत्येक चित्रपट पन्नास सेकंदांच्या आसपास होता आणि त्यात एकच शॉट होता. कॅमेऱ्यात मावणारी फिल्म तेवढीच होती. कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, आगगाडी स्थानकात येते, बाळाला भरवले जाते, आणि चित्रपट संपतो. येथे कटचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण एका जागी उभे राहून पाहणाऱ्या माणसाला जेवढे दिसेल तेवढेच दाखवायचे होते.

कटची एक युक्ती अपघाताने सापडली, असे सांगतात. पॅरिसचा जादूगार जॉर्ज मेलिएस याने सांगितलेली आठवण अशी की, ऑपेराजवळच्या चौकात चित्रीकरण करताना त्याचा कॅमेरा अडकला. तो पुन्हा सुरू होईपर्यंत रस्त्यावरची वाहने पुढे सरकली होती. आणि फिल्म पडद्यावर पाहिली तेव्हा प्रवाशांच्या घोडागाडीची अचानक शववाहिका झालेली दिसली. जादूगाराला एवढे पुरेसे होते. कॅमेरा थांबवायचा, समोरची वस्तू बदलायची आणि पुन्हा सुरू करायचा, या युक्तीवर त्याने कित्येक चित्रपट उभे केले. यातली महत्त्वाची गोष्ट ही की, मधला वेळ गायब झाला आहे याचा प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. त्याच्या दृष्टीने पडद्यावर लागोपाठ येते ते लागोपाठच घडलेले असते.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाच्या धंद्यासाठी भांडवल मिळावे म्हणून कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली होती. दिवसचे दिवस चाललेली वाढ पडद्यावर काही क्षणांत घडताना पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. मेलिएसची जादू आणि फाळक्यांचे रोप यांच्यामागे एकच तत्त्व आहे: पडद्यावरचा वेळ हा घड्याळाच्या वेळेपासून सोडवता येतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, आणि त्याच्या मागे सरस्वतीबाई फाळके यांचे कष्ट होते. कोऱ्या फिल्मच्या कडेला अंधारात भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे त्यांनी घरातल्या माणसांच्या रांधण्यावाढण्याबरोबर केली. भारतीय चित्रपटाची फिल्म हाताळणारे पहिले हात ज्यांचे, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी लिहिले पाहिजे.

‘इकडे काय झाले?’

दोन ठिकाणी एकाच वेळी घडणाऱ्या घटना कशा दाखवायच्या, ही पुढची अडचण होती. आज ती अडचण वाटतच नाही, म्हणून ती किती मोठी होती हे पाहण्यासाठी १९०३ मध्ये अमेरिकेत एडविन पोर्टर याने केलेला ‘लाइफ ऑफ अॅन अमेरिकन फायरमन’ हा लहानसा चित्रपट उपयोगी पडतो. घराला आग लागली आहे. आपल्याला आधी आतली खोली दिसते: बाई बेशुद्ध पडते, अग्निशामक येतो, तिला उचलून खिडकीतून नेतो, परत येतो आणि मुलाला नेतो. हे सगळे पूर्ण झाल्यावर कॅमेरा घराबाहेर जातो आणि तीच सुटका पहिल्यापासून पुन्हा दाखवली जाते, यावेळी बाहेरून. पोर्टरला यात काही चूक वाटली नाही, कारण एक बाजू पुरी सांगून झाल्यावर दुसरी सांगणे हा गोष्ट सांगण्याचा सरळ मार्गच आहे.

या चित्रपटाची एक प्रत पुढे सापडली तिच्यात आत–बाहेर–आत असे शॉट गुंफलेले होते, आणि अनेक वर्षे अभ्यासकांनी तीच मूळ मानून समांतर संकलनाचे, म्हणजे दोन ठिकाणच्या घटना आळीपाळीने दाखवण्याचे, श्रेय पोर्टरला दिले. त्या काळी अमेरिकेत स्वामित्वहक्कासाठी चित्रपटाची कागदावर छापलेली प्रत सरकारी ग्रंथालयात जमा करावी लागे. त्या कागदी प्रतीशी ताडून पाहिल्यावर कळले की मूळ रचना दोनदा सांगणारी होती आणि गुंफण कोणीतरी मागाहून केली होती. ज्याने ती केली त्याला पोर्टरची रचना चुकीची वाटली असणार. प्रेक्षकाची सवय किती लवकर बदलली याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

ही सवय घडवण्यात अमेरिकी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याचा वाटा मोठा. १९०८ ते १९१३ या काळात बायोग्राफ कंपनीसाठी त्याने साडेचारशेच्या आसपास छोटे चित्रपट केले. १९०९ च्या ‘द लोनली व्हिला’मध्ये दरोडेखोर घराचे दार फोडत आहेत, आत आई मुलींसह एकेक खोली मागे सरते आहे, आणि दूर गेलेला नवरा टेलिफोनवर हे ऐकून घराकडे धावतो आहे. ग्रिफिथ या तीन ठिकाणांमध्ये पुन्हा पुन्हा फिरतो आणि शेवट जवळ येतो तसे तुकडे आखूड होत जातात. असे मधेच सोडून दुसरीकडे जाणे लोकांना कळणार नाही, असा आक्षेप त्याच्यावर घेतला गेला तेव्हा इंग्रज लेखक डिकन्स आपल्या कादंबऱ्यांत हेच करतो, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. आपल्याला डिकन्सपर्यंत जाण्याचीही गरज नाही. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये सांगणारी बाई राजाची गोष्ट अर्ध्यावर ठेवून ‘इकडे काय झाले?’ असे म्हणते आणि गरीब ब्राह्मणाच्या घरात शिरते. समांतर संकलन म्हणजे नेमके हेच ‘इकडे’ आणि ‘तिकडे’, फक्त ते शब्द न उच्चारता.

या तंत्राची ताकद किती धोक्याची आहे हेही ग्रिफिथकडेच पाहायला मिळते. धावत येणाऱ्या सुटकेचे शॉट गुंफले की प्रेक्षक नकळत त्या येणाऱ्याच्या बाजूचा होतो, मग तो येणारा कोणीही असो. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये ग्रिफिथने सुटका करणारे म्हणून कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेचे बुरखेधारी घोडेस्वार दाखवले आणि काळ्या माणसांना राक्षस ठरवले. त्याच वर्षी त्या संघटनेचे पुनरुज्जीवन झाले. संकलन शिकणाऱ्याने हा चित्रपट तंत्रासाठी पाहताना ही गोष्ट डोळ्यांआड करू नये, कारण तंत्र आणि त्याने केलेली इजा येथे एकाच कटात आहेत.

चेहरा तोच, भाव वेगळा

क्रांतीनंतरच्या रशियात कोऱ्या फिल्मचा तुटवडा होता. १९१९ मध्ये मॉस्कोत सुरू झालेल्या चित्रपटशाळेत लेव्ह कुलेशोव्ह आणि त्याचे विद्यार्थी नवे काही चित्रित करता येत नाही म्हणून जुन्या चित्रपटांचे तुकडे पुन्हा पुन्हा जोडून पाहत. या अडचणीतून निघालेला एक प्रयोग जगभर शिकवला जातो. इव्हान मोझुखिन या नटाचा जुना, फारसा भाव नसलेला एक शॉट घेतला. कुलेशोव्हचा विद्यार्थी पुदोव्हकिन याने लिहून ठेवल्याप्रमाणे, तोच शॉट एकदा रश्शाच्या वाडग्याबरोबर, एकदा शवपेटीतल्या स्त्रीबरोबर आणि एकदा खेळणाऱ्या मुलीबरोबर जोडला. पाहणाऱ्यांनी नटाच्या अभिनयाचे कौतुक केले: भूक किती सूक्ष्म दाखवली, दुःख किती खोल, वात्सल्य किती हळुवार. चेहरा मात्र तिन्ही वेळा तोच होता. ही फिल्म आज उपलब्ध नाही आणि त्यातल्या वस्तूंबद्दल वेगवेगळी वर्णने आढळतात, पण प्रयोग घरी करून पाहता येतो.

कुलेशोव्हचा दुसरा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मॉस्कोच्या एका रस्त्यावर एक स्त्री चालते आहे, बऱ्याच अंतरावरच्या नदीकाठी एक पुरुष चालतो आहे, दोघे एकमेकांना पाहून हसतात, तिसऱ्याच ठिकाणी भेटून हात मिळवतात, एकीकडे पाहतात, आणि समोर दिसते ते वॉशिंग्टनमधले व्हाइट हाउस, जे एका अमेरिकी चित्रपटातून कापून घेतलेले आहे. पडद्यावर हे सगळे एकाच शहरातले, चालत जाण्याच्या अंतरावरचे वाटते. जगात कुठेच नसलेले गाव केवळ नजरेच्या दिशेने आणि चालण्याच्या दिशेने उभे राहिले. आज घराचा दरवाजा कोकणात आणि आतले माजघर गोरेगावच्या चित्रनगरीत उभे करतात, त्यामागे हाच शोध आहे.

कुलेशोव्हच्या भोवतालच्या लोकांमध्ये पुढे वाद झाला. पुदोव्हकिनच्या मते शॉट विटांसारखे एकावर एक रचायचे असतात. दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइनच्या मते ते एकमेकांवर आदळले पाहिजेत आणि त्या टकरीतून दोन्हींत नसलेला तिसरा अर्थ निघाला पाहिजे. १९२५ च्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’मध्ये त्याने दगडी सिंहाचे तीन शॉट जोडले: झोपलेला, जागा झालेला आणि उठून बसलेला. हे तीन वेगळे पुतळे क्रिमियातल्या अलुप्का येथील राजवाड्याच्या पायऱ्यांवर आहेत, पण पडद्यावर एकच सिंह संतापून उठतो. याच चित्रपटात दिसणाऱ्या ओडेसा शहरातल्या जिन्याला १९२ पायऱ्या आहेत. झारचे सैनिक जमावावर गोळ्या झाडत त्या उतरतात तो प्रसंग आयझेनस्टाइनने पळणाऱ्या पायांच्या, किंचाळणाऱ्या चेहऱ्यांच्या आणि घरंगळणाऱ्या बाबागाडीच्या शॉटांनी खऱ्या उतरण्यापेक्षा किती तरी लांबवला. मेलिएसने वेळ गाळला होता. येथे तो ताणला गेला.

त्या प्रसंगाच्या शेवटी एक कोसॅक, म्हणजे झारच्या घोडदळातला सैनिक, तलवार उगारतो, दोनतीन अगदी आखूड शॉटांत त्याचा चेहरा वेडावाकडा होतो, आणि लगेच चश्मा फुटलेल्या, डोळ्यातून रक्त वाहणाऱ्या वृद्धेचा चेहरा दिसतो. तलवार तिला लागताना एकाही चौकटीत दिसत नाही. ‘शोले’तला मुंगळा आणि घोडा यांच्यामध्ये पन्नास वर्षांनी जे केले गेले, त्याची रीत हीच आहे.

त्याच काळात एलिझावेता स्विलोवा ही स्त्री दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्हच्या १९२९ च्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’चे संकलन करत होती आणि त्या चित्रपटात ती स्वतः संकलनाच्या मेजावर बसलेली दिसते. पडद्यावरचे मुलांचे हसरे चेहरे एकाएकी थांबतात, तिच्या हातातल्या पट्टीवरच्या चौकटी होतात, आणि ती हात चालवते तसे पुन्हा हलू लागतात. संकलन म्हणजे काय हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा ही काही मिनिटे चांगले सांगतात.

कट न दिसावा म्हणून

रशियात टकरीचा विचार चालू असताना हॉलिवूडच्या स्टुडिओंना मात्र प्रेक्षकाला कट जाणवू नये असे हवे होते, आणि त्यासाठी जे नियम रुळले ते आजही मालिकांपासून लग्नाच्या व्हिडिओपर्यंत सर्वत्र वापरले जातात. पहिला नियम दिशेचा. साताऱ्याहून निघालेली एसटी एका शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे जात असेल आणि पुढचा शॉट रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने घेतला, तर तीच एसटी उजवीकडून डावीकडे जाईल आणि पाहणाऱ्याला ती परत फिरली असे वाटेल. म्हणून दोन व्यक्तींना जोडणारी किंवा गतीच्या दिशेने जाणारी एक रेषा कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. दोन माणसे बोलत असतील तर एकाने उजवीकडे आणि दुसऱ्याने डावीकडे पाहायला हवे, तेवढ्यावरच ती एकमेकांकडे पाहत आहेत असे वाटते, मग त्यांचे शॉट दोन वेगळ्या दिवशी घेतलेले का असेनात.

दुसरा नियम हालचालीवर कापण्याचा, आणि येथे थोडे जवळून पाहिले पाहिजे. एक बाई दाराजवळ येते आणि कडी काढते. लांबच्या शॉटमध्ये तिने पूर्ण कृती केली आहे, जवळच्या शॉटमध्ये फक्त हात आणि कडी आहे. नवशिका हात थांबल्यावर कापतो, आणि कट धक्क्यासारखा जाणवतो. अनुभवी संकलक हात उचलला गेल्यावर, पण कडीला लागण्याआधी, म्हणजे हालचाल ऐन भरात असताना कापतो, कारण त्या क्षणी पाहणाऱ्याची नजर हाताबरोबर चाललेली असते आणि चित्र बदलल्याकडे तिचे लक्ष जात नाही. त्यातही जवळच्या शॉटमध्ये हात दोनतीन चौकटी मागून सुरू केला, म्हणजे हालचालीचा इवलासा भाग दोनदा दाखवला, तर जोड अधिक गुळगुळीत वाटतो, कारण नव्या चित्रात हात कुठे आहे हे शोधायला डोळ्याला तेवढा वेळ लागतो. दोन चौकटी म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. एवढ्याशा फरकाने कट बसतो किंवा मोडतो, हे स्वतः केल्याशिवाय पटत नाही.

नियम मोडणारेही नियम जाणूनच मोडतात. १९६० साली प्रदर्शित झालेला फ्रेंच दिग्दर्शक जाँ-ल्यूक गोदारचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘ब्रेथलेस’ ठरलेल्या लांबीपेक्षा बराच मोठा झाला, तेव्हा पूर्ण प्रसंग काढण्याऐवजी संकलक सेसिल देक्यूजिस आणि गोदार यांनी चालू शॉटच्या पोटातूनच तुकडे काढले. मोटारीत बसलेल्या तरुणीमागचे पॅरिस एकदम उडी मारून बदलत जाते आणि बोलणे चालूच राहते. याला जंप कट म्हणतात, आणि आज मोबाइलवर बोलणारा प्रत्येक जण आपल्या व्हिडिओतले अडखळणे काढताना तोच वापरतो.

आवाजाने बांधले आणि आवाजानेच सोडवले

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ मुंबईत प्रदर्शित झाला. त्याचे चित्र आणि आवाज चित्रीकरणाच्या वेळी एकाच फिल्मवर नोंदले गेले होते. ३५ मिलिमीटरच्या प्रदर्शनाच्या प्रतीत चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी नसतो. तो सुमारे २० चौकटी पुढे असतो, कारण प्रक्षेपकात (प्रोजेक्टरमध्ये) चित्र थांबत थांबत जाते आणि आवाजाला अखंड गती लागते, त्यामुळे दोन्ही वाचणाऱ्या जागा वेगळ्या ठेवाव्या लागतात. दोन्ही एकाच पट्टीवर असतील तर चित्र जिथे कापाल तिथे आवाज भलत्याच शब्दावर कापला जातो. मूकपटाच्या शेवटी जी लवचीकता आली होती ती काही वर्षे हरवली, ती याच कारणाने. आवाज वेगळ्या पट्टीवर नोंदता येऊ लागला तेव्हा ती परत आली आणि एक नवी शक्यताही उघडली: चित्र आणि आवाज वेगवेगळ्या क्षणी कापता येऊ लागले. पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी ऐकवायचा, किंवा बोलणाऱ्याचा आवाज चालू ठेवून ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायचा. संगणकाच्या पट्ट्यांवर या जोडांचा आकार इंग्रजी ‘जे’ आणि ‘एल’ या अक्षरांसारखा दिसतो म्हणून त्यांना जे कट आणि एल कट म्हणतात.

आपल्या चित्रपटांत गाण्याने हे तंत्र फार पुढे नेले. गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्रण त्यावर केले जाते. मुखडा बागेत, पहिला अंतरा नदीकाठी आणि दुसरा डोंगरावर असला तरी प्रेक्षक तक्रार करत नाही, कारण चाल अखंड आहे. आवाज सलग असेल तर चित्र हवे तिथे तोडता येते, हा धडा आपल्या संकलकांनी गाण्यांवर गिरवला. हृषिकेश मुखर्जी हे ‘दो बिघा जमीन’चे (१९५३) संकलक होते आणि पुढे दिग्दर्शक झाले, त्यांच्या चित्रपटांतली सहज वाहणारी लय संकलनाच्या मेजावरून आलेली आहे असे मी मानतो. कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू होऊन १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० मध्ये चित्रपट संस्था उभी राहिली आणि संकलन हा तेथे स्वतंत्र विषय झाला. तिथून शिकून निघालेल्या रेणू सलुजा यांनी ‘जाने भी दो यारो’, ‘अर्धसत्य’ आणि ‘परिंदा’ यांचे संकलन केले, आणि ‘परिंदा’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच हाताने विनोद, घुसमट आणि हिंसा यांची तीन वेगळी गती कशी सांभाळली हे पाहण्यासाठी हे तीन चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत.

अवजार आणि शैली

संकलकाच्या अवजाराने शैली किती घडवली याकडे अभ्यासक्रमात कमी लक्ष जाते. १९२४ मध्ये मूव्हिओला हे यंत्र आले आणि संकलकाला फिल्म उजेडासमोर धरून अंदाज बांधण्याऐवजी ती चालताना पाहता येऊ लागली. जोड देताना पूर्वी फिल्मचा थर खरवडून ‘सिमेंट’ नावाचे चिकट द्रावण लावावे लागे आणि त्यात चौकट वाया जाई; पारदर्शक चिकटपट्टीने जोडणारे यंत्र आल्यावर जोड सोडवून पुन्हा करून पाहण्याचे धाडस वाढले. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये (१९६२) नायक काडी फुंकतो आणि थेट वाळवंटातला सूर्योदय दिसतो. तो जोड पटकथेप्रमाणे एक चित्र विरघळून दुसऱ्यात मिसळण्याचा होता. पण तसे मिसळण प्रयोगशाळेत करून घ्यावे लागे, आणि तोवर कामाच्या प्रतीत दोन शॉट नुसते टोकाला टोक लावून ठेवलेले असत. संकलक अॅन कोट्स यांनी ते तसेच पाहिले आणि तसेच राहू दिले.

१९८९ मध्ये अॅव्हिड हे संगणकावर संकलन करण्याचे साधन आले आणि फिल्मचे तुकडे खुंट्यांवर टांगण्याचे दिवस हळूहळू मागे पडले. १९९६ च्या ‘द इंग्लिश पेशंट’साठी संकलक वॉल्टर मर्च यांना ऑस्कर मिळाले, आणि संगणकावर संकलन झालेल्या चित्रपटाला तो पुरस्कार मिळण्याची ती पहिली वेळ होती. मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष सांगितले असून त्यात भावनेला ५१ टक्के आणि कथेला २३ टक्के वजन दिले आहे. जागेची अचूक संगती सर्वांत शेवटी येते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, एका शॉटमध्ये कप उजव्या हातात आणि पुढच्यात डाव्या हातात असला, पण चेहऱ्यावरचा क्षण खरा असला, तर तो शॉट ठेवावा.

स्वतः करून पाहताना

शिकण्यासाठी मोबाइल आणि संकलनाचे एखादे मोफत सॉफ्टवेअर पुरते. आधी आवडत्या चित्रपटातला पाच मिनिटांचा प्रसंग आवाज बंद करून पाहावा आणि प्रत्येक कटला टेबलावर बोट आपटावे. कट किती आहेत हे पाहून पहिल्यांदा बहुतेकांना आश्चर्य वाटते. मग तोच प्रसंग डोळे मिटून ऐकावा. यानंतर इतिहास ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने काही करावे: आधी पन्नास सेकंदांचा एकच शॉट, ज्यात काहीतरी सुरू होऊन संपते, मग कॅमेरा थांबवून वस्तू बदलण्याची मेलिएसची युक्ती, मग एकमेकांपासून दूर असलेल्या दोघांची एक भेट.

पुढची पायरी म्हणून घरातला एक साधा प्रसंग घ्यावा. घरी पाहुणा आला आहे आणि आत चहा होतो आहे. पातेले ठेवण्यापासून कप हातात येईपर्यंत आठ मिनिटे लागतात; ती चाळीस सेकंदांत आणायची आहेत. पाणी ठेवल्यानंतर थेट उकळी दाखवली तर उडी जाणवते. मधे बाहेर बसलेल्या पाहुण्याचा एक शॉट घातला की वेळ आपोआप गेलेला वाटतो, कारण त्याच्याकडे पाहत असताना आत काय झाले हे आपण मानून घेतो. आता हाच प्रसंग दुसऱ्यांदा जोडताना पाहुण्याचा शॉट बदलू नये, त्याच्या शेजारचे शॉट बदलावेत: एकदा त्याच्या नजरेनंतर भिंतीवरचा लग्नाचा फोटो, एकदा रिकामी खुर्ची, एकदा दाराशी ठेवलेली बांधलेली बॅग. पाहुणा तोच, चहा तोच, तरी तीन वेगळ्या गोष्टी तयार होतील आणि प्रत्येकीत पाहुण्याचा चेहरा वेगळा वाटेल.

शेवटी आवाज हलवावा. आधी चित्र आणि आवाज एकत्र कापून प्रसंग पाहावा: स्वयंपाकघरात कपबशी वाजते, मग पाहुणा दिसतो. नंतर चित्राचा कट अर्धा सेकंद मागे घ्यावा, म्हणजे पाहुण्याचा चेहरा आधी येईल आणि कपबशीचा आवाज त्याच्यावर ऐकू येईल. आता तो आवाज त्याने ऐकलेला असतो, आणि तो मान वळवण्याआधीच्या त्या दहाबारा चौकटींत तो काय विचार करतो आहे हे पाहणाऱ्याला दिसू लागते.